दात घशात

चाळीस वर्षं मी खोटे दात केले,
जेल रोडवरच्या एका माडीवर.
मेण, प्लास्टर, ॲक्रिलिक,
कुणाची दाढ, कुणाचं लग्नाआधीचं हसू.
साचे डब्यातून यायचे, दात डब्यातून जायचे,
तोंड कधी भेटलंच नाही.

दुकान विकलं तेव्हा
छोटा शेगडा तेवढा घरी आणला.
आता त्यात आकडा धरतो
आणि खोटे किडे बांधतो:
शिवणाच्या पेटीतला बदामी दोरा,
खजराण्याच्या खाटकाने फुकट दिलेलं
कोंबड्याच्या मानेचं पीस,
वर लाखेचा एक थेंब.
हात कापत नाही अजून. हे सांगायचं राहून जायला नको.

काठी पुतणीने पाठवली, कॅनडाहून,
सोबत चिठ्ठी: काका, मनाला बरं वाटेल.
लोकमान्य नगरच्या गच्चीवर सराव केला.
पहिल्या दिवशी लागली केबल,
दुसऱ्या दिवशी देवस्थळीबाईंचा वाळत घातलेला परकर,
तिसऱ्या दिवशी माझाच कान.
बाई म्हणाल्या, दिघेकाका,
पाणी असतं तिकडे जा ना.

म्हणून गाईड.
गेंदालाल कहार, चोरलच्या काठचा.
फोनवर पहिला प्रश्न: चप्पल कौन-सी है?
दुसरा पैशांचा.
दिवसाचे आठशे, मासा लागो न लागो,
लागला तर सोडायचा.
मी म्हटलं, सोडायचाच, तर आठशे कशाचे?
तो म्हणाला, सोडायचेच.

खंडव्याची बस सिमरोळ मागे टाकून घाट उतरली.
जानेवारी. पाणी काचेसारखं,
आणि त्याने आधी काठीच काढून घेतली.
दगडावर बसवलं. बघा, म्हणाला.
तासाभराने विचारलं, काय दिसलं?
पाणी.
आणखी?
ऊन. तळाचे गोटे.
आणखी?
माझी सावली.
हां, म्हणाला, वही मछली को भी दिखती है.
आणि मला पंधरा पावलं मागे नेलं.

मग माझी डबी उघडली.
वाहत्या पाण्यातला एक दगड उलटा केला,
त्याच्या पोटाला चिकटलेला जिवंत किडा
माझ्या एकेका खोट्याशेजारी धरून पाहिला.
मी श्वास रोखला.
शेडकार्ड दाताला लावतात ते असंच.
अर्धा रंग गडद पाहिजे, तो म्हणाला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
कुणीतरी माझ्या भाषेत मला नापास केलं.

काखेत टॉवेल दाबून ठेवायला दिला.
पडला की चूक.
दुपारपर्यंत पडतच होता.
घाई करताय, तो म्हणायचा,
दोर मागे पूरा खुलने दो,
मागचं उलगडलं नाही तर पुढे काय जाणार, गाठ.
मी मागे वळून पाहिलं.
खरंच, हवेत एक लांब वळण
अजून सरळ होत होतं.

चारच्या सुमाराला
डोहाच्या सावलीकडच्या कडेला
दोर थांबला. फक्त थांबला.
मग मनगटातून खांद्यात काहीतरी धावत गेलं,
आणि मी ओरडलो, काय ते आठवत नाही,
मराठीत ओरडलो एवढं नक्की.

बाडस. वीतभर, सोनेरी, रागावलेली.
गेंदालालने हात ओले केले,
मला करायला लावले,
तिला पाण्यातच धरलं.
मी सवयीने तोंडात बोट घातलं.
गुळगुळीत. वर नाही, खाली नाही,
माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांसारखी बोळकी.
एकही दात नाही हो हिला, मी म्हणालो.
आहेत की, तो म्हणाला, गले में.

मी हसत सुटलो.
दात घशात! अरे, आमच्यात म्हणतात,
याचे दात याच्याच...
त्याला कळेना, मला सांगता येईना.
तोवर त्याने काटी दाबलेला आकडा
अलगद फिरवून काढला होता,
आणि बोटाभोवती ते तोंड
उघडत होतं, मिटत होतं,
थंड, जिवंत,
चाळीस वर्षांतलं पहिलं.

मग नुसतं पाणी.

आठशे मोजून दिले. बस पकडली.
टॉवेल तिथेच राहिला, दगडावर.